अलेस्सांद्रो व्होल्टा: तुमच्या चार्जरवर ज्याचं नाव छापलंय, तो माणूस

तुमच्या फोनचा चार्जर उलटा करून बघा. बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं: ५ व्होल्ट ३ अँपिअर, किंवा ९ व्होल्ट २ अँपिअर. आपण फक्त वॅट बघतो, फास्ट चार्जिंग आहे ना याची खात्री करतो आणि पुढे जातो. पण त्यातला व्होल्ट हा शब्द म्हणजे एका माणसाचं आडनाव आहे. अलेस्सांद्रो व्होल्टा, इटलीतल्या कोमो शहराचा. सलग वीज देणारी पहिली बॅटरी त्याने बनवली, तीही घरात बल्ब यायच्या कितीतरी आधी.

गंमत म्हणजे ही बॅटरी नेमकी कशामुळे चालते याबद्दल त्याचं मत चुकलेलं होतं, आणि ते त्याने शेवटपर्यंत सोडलं नाही. त्याची गोष्ट नीट समजली, की व्होल्ट म्हणजे काय, बॅटरी का संपते आणि दोन-तीन वर्षांत ती म्हातारी का होते, हे सगळं एका झटक्यात कळतं.

उशिरा बोलायला लागलेला मुलगा

व्होल्टाचा जन्म १८ फेब्रुवारी १७४५ चा. कोमो हे आल्प्सच्या पायथ्याशी, मोठ्या तळ्याच्या काठी वसलेलं शहर. तेव्हा इटली नावाचा एकसंध देश नव्हता. हा भाग ऑस्ट्रियाच्या राजघराण्याच्या ताब्यात होता. घराणं खानदानी, पण पैसा फारसा उरलेला नव्हता. चार वर्षांचा होईपर्यंत पोरगा बोलेचना, त्यामुळे घरच्यांना त्याच्या बुद्धीचीच काळजी लागली होती, असं त्याच्याबद्दल सांगतात. तो सात वर्षांचा असताना वडील गेले. पुढे काकांनी सांभाळलं.

एकदा बोलायला लागल्यावर मात्र गाडी सुसाट सुटली. शाळेतल्या जेझुइट पाद्र्यांना वाटत होतं, याने धर्मगुरू व्हावं. घरच्यांना वाटत होतं, वकील व्हावं. याला मात्र वीज या विषयाचं वेड लागलं होतं. अठराव्या वर्षाच्या आसपास तो पॅरिसच्या नोले या तेव्हाच्या मोठ्या वीजतज्ज्ञाला पत्रं लिहून आपल्या कल्पना कळवत होता. विद्यापीठाची पदवी त्याने कधीच घेतली नाही. जे शिकला ते पुस्तकं, पत्रव्यवहार आणि स्वतः केलेले प्रयोग यांतून.

तेव्हाची वीज म्हणजे काय, हे आधी समजून घेऊ. काच किंवा राळ घासायची, तिच्यावर विद्युतभार साठवायचा, आणि बोट जवळ नेलं की चट्‌ करून ठिणगी. आपण स्वेटर काढताना जे होतं तेच, फक्त मोठ्या प्रमाणावर. ही वीज लेडन जार नावाच्या काचेच्या बरणीत साठवता यायची. पण बरणीला हात लावला की सगळा साठा एका क्षणात मोकळा. एक झटका, आणि संपलं. सलग वाहणारा करंट कुणाकडेच नव्हता. व्होल्टाच्या आयुष्यातलं मोठं काम या एका अडचणीशी जोडलेलं आहे.

तळ्यातला गॅस आणि विजेचं पिस्तूल

१७७५ साली व्होल्टाने इलेक्ट्रोफोरस नावाचं साधन जगापुढे आणलं. राळेची एक चकती घासायची, तिच्यावर दांडा असलेली धातूची ताटली ठेवायची, ताटलीला बोट लावायचं आणि ती उचलायची. ताटलीत भार तयार. राळ पुन्हा न घासता हे कितीतरी वेळा करता यायचं. याच तत्त्वावरचं साधन योहान विल्के या शास्त्रज्ञाने आधी बनवलेलं होतं, पण युरोपभर ते पोहोचवलं व्होल्टाने.

पुढच्याच वर्षी माज्जोरे तळ्याच्या काठी दलदलीतून वर येणारे बुडबुडे त्याने बाटलीत गोळा केले. हा वायू पेट घेतो हे त्याच्या लक्षात आलं. आज आपण त्याला मिथेन म्हणतो. गोबरगॅसमध्ये मुख्यतः तोच असतो. व्होल्टाने हा वायू बंद भांड्यात भरून विजेच्या ठिणगीने पेटवायचं एक पिस्तूल बनवलं. त्यावरून त्याला एक कल्पना सुचली: कोमोपासून मिलानपर्यंत तार टाकली, तर इथली वीज तिथलं पिस्तूल उडवू शकेल. म्हणजे तारेवरून संदेश! तारयंत्र प्रत्यक्षात यायला अजून अर्धं शतक होतं.

१७७८ साली त्याची नेमणूक पाव्हिया विद्यापीठात प्रायोगिक भौतिकशास्त्राचा प्राध्यापक म्हणून झाली. पदवी नसलेला हा माणूस पुढची सुमारे चाळीस वर्षं त्या विद्यापीठाशी जोडलेला राहिला.

व्होल्ट म्हणजे नेमकं काय?

याच काळात व्होल्टाने एक बारीक पण फार महत्त्वाचा फरक मांडला. विजेचं प्रमाण ही एक गोष्ट आणि तिचा दाब ही दुसरी.

दोन भांडी घ्या. एक उंच आणि अरुंद पेला, एक पसरट परात. दोन्हींत एकेक लिटर पाणी ओता. पाणी तेवढंच आहे, पण पेल्यात पातळी वर चढते आणि परातीत ती तळाशीच राहते. आता दोन्हींच्या तळाला भोक पाडलं, तर पेल्यातून धार जोरात येईल. पाण्याचं प्रमाण म्हणजे विद्युतभार. भांड्याचा पसरटपणा म्हणजे धारकता. आणि पाण्याची पातळी म्हणजे तो दाब, ज्याला आज आपण व्होल्टेज म्हणतो.

आता तुमच्या फोनच्या स्पेसिफिकेशनमधले शब्द यात बसवू:

- व्होल्ट: विजेला ढकलणारा दाब. गच्चीवरची टाकी जितकी उंच, तितका खालच्या नळाला जोर.
- अँपिअर: तारेतून दर सेकंदाला किती विद्युतभार वाहतो ते. म्हणजे धार किती मोठी.
- वॅट: व्होल्ट गुणिले अँपिअर. ९ व्होल्ट आणि २ अँपिअर म्हणजे १८ वॅटचा चार्जर.
- एमएएच: बॅटरी एकूण किती भार देऊ शकते ते. ५००० एमएएच म्हणजे १ अँपिअरची धार साधारण ५ तास.

एमएएचमध्ये दाबाचा हिशोब नसतो, आणि इथेच बरेच जण फसतात. एकूण ऊर्जा काढायची तर एमएएचला व्होल्टने गुणावं लागतं. फोनची ५००० एमएएचची बॅटरी ३.८५ व्होल्टची असेल, तर ऊर्जा झाली १९.२५ वॅट-तास. १०,००० एमएएचच्या पॉवर बँकेतली सेल ३.७ व्होल्टची असते, म्हणजे ३७ वॅट-तास. कागदावर हे जवळपास दुप्पट दिसतं. पण पॉवर बँक ३.७ चे ५ व्होल्ट करते, फोन ते पुन्हा खाली आणतो, आणि या सगळ्यात काही ऊर्जा उष्णता होऊन जाते. म्हणून फोन दोनदा नाही, साधारण दीडदाच भरतो. पॉवर बँकवाल्याने फसवलंच असेल असं नाही. फक्त आपण भार बघतो आणि ऊर्जा बघायची राहते.

बेडकाचा पाय आणि दोन प्राध्यापकांचा वाद

१७९१ साली बोलोन्या शहरातल्या लुइजी गॅल्व्हानी या शरीररचनाशास्त्राच्या प्राध्यापकाने एक प्रबंध छापला आणि युरोपात खळबळ उडाली. गॅल्व्हानीने मेलेल्या बेडकाच्या पायांवर वर्षानुवर्षं प्रयोग केले होते. बेडकाच्या मज्जारज्जूत पितळेचा आकडा अडकवून तो लोखंडाला टेकवला की मेलेला पाय थडथड उडायचा, आणि जवळपास विजेचं यंत्र नसलं तरी उडायचा. गॅल्व्हानीचा निष्कर्ष असा की प्राण्याच्या शरीरातच वीज असते आणि धातू तिला फक्त वाट करून देतात.

व्होल्टाने हे प्रयोग स्वतः करून पाहिले. सुरुवातीला तो खूश झाला, गॅल्व्हानीचं कौतुकही केलं. मग त्याला एक गोष्ट खटकली. दोन्ही टोकांना एकच धातू वापरला तर पाय फारसा हलत नाही. धातू दोन वेगवेगळे असले की जोरात उडतो. म्हणजे वीज बेडकात नसून धातूंच्या जोडीत असेल तर? बेडूक कदाचित फक्त वीज ओळखणारं यंत्र असेल, आपल्या मीटरसारखं.

बेडूक बाजूला ठेवून त्याने स्वतःची जीभ वापरली. एका बाजूला कथलाचा पत्रा, दुसऱ्या बाजूला चांदीचं नाणं, आणि दोन्ही एकमेकांना टेकवले की जिभेवर आंबटसर चव! करंट होता तो.

वाद पेटला. गॅल्व्हानीच्या बाजूने त्याचा भाचा अल्दिनी उतरला. धातू अजिबात न वापरता, नुसती नस स्नायूला टेकवूनही पाय उडतो, हे त्यांनी दाखवलं. म्हणजे गॅल्व्हानीचं म्हणणंही पोकळ नव्हतं. आज आपल्याला माहीत आहे की नसांमधून संदेश विजेच्याच रूपाने जातात. दवाखान्यात ईसीजी काढतात तेव्हा हृदयातली हीच वीज कागदावर उमटते.

पण गॅल्व्हानीला हे बघायला मिळालं नाही. नेपोलियनच्या सैन्याने उत्तर इटली जिंकल्यावर नव्या सरकारने प्राध्यापकांना निष्ठेची शपथ घ्यायला सांगितलं. गॅल्व्हानीने नकार दिला आणि त्याची नोकरी गेली. डिसेंबर १७९८ मध्ये तो वारला. व्होल्टाची बॅटरी तयार व्हायला तेव्हा जेमतेम वर्षभर उरलं होतं.

चकत्यांची चळत

दोन धातूंची एक जोडी फारच थोडा दाब देते, एक व्होल्टसुद्धा धड नाही. व्होल्टापुढे प्रश्न होता, हा दाब वाढवायचा कसा. नुसते धातूवर धातू रचून काही होत नव्हतं. उपाय त्याला सापडला १७९९ च्या अखेरीस.

चांदीची चकती, तिच्यावर जस्ताची, तिच्यावर मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा. पुन्हा चांदी, जस्त, पुठ्ठा. पोळ्यांची चळत रचावी तसं हे रचत जायचं. प्रत्येक जोडी आपला थोडा थोडा दाब आधीच्या दाबात मिळवते. वीसेक जोड्या झाल्या की दोन टोकांना ओली बोटं लावल्यावर झटका जाणवायला लागायचा. आणि हा झटका लेडन जारसारखा एकदाच येऊन संपत नव्हता. हात लावा, काढा, पुन्हा लावा, चळत वीज देतच राहायची.

टोर्पेडो नावाचा एक मासा शरीरातून विजेचा झटका देतो. त्याच्या शरीरातही एकावर एक चकत्यांसारखे थर असतात. आपलं यंत्र म्हणजे या माशाच्या अवयवाची नक्कल आहे, असं व्होल्टा मानत होता. म्हणजे प्राण्यांची वीज नाकारता नाकारता तो एका प्राण्याकडूनच शिकला.

उत्साहाच्या भरात त्याने बॅटरीच्या तारा दोन्ही कानांत घालून बघितल्या. डोक्यात धक्का बसला आणि काहीतरी खदखदून उकळत असल्यासारखा आवाज आला. हा प्रयोग त्याने पुन्हा केला नाही. तुम्ही तर अजिबात करू नका.

२० मार्च १८०० रोजी त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांना फ्रेंच भाषेत पत्र लिहून सगळी कृती कळवली. तेव्हा तो ५५ वर्षांचा होता.

पत्र वाचलं जाण्याआधीच शोध

हे पत्र रॉयल सोसायटीत २६ जून १८०० रोजी वाचलं गेलं. पण बँक्स यांनी त्याआधीच ते काही जणांना दाखवलं होतं. त्यावरून निकोल्सन आणि कार्लाइल या दोघांनी लंडनमध्ये स्वतःची चळत रचली आणि तिच्या तारा पाण्यात बुडवल्या. एका तारेपाशी हायड्रोजनचे बुडबुडे दिसले, तर दुसरीपाशी ऑक्सिजन बाहेर पडत होता. विजेने पाणी फोडलं होतं! पुढे १८०७ साली हम्फ्री डेव्हीने मोठी बॅटरी वापरून पोटॅशियम आणि सोडियम हे धातू पहिल्यांदा वेगळे केले.

व्होल्टाने कृती लपवून ठेवली नाही. चांदी, जस्त आणि मीठपाणी जिथे मिळेल तिथे कुणीही बॅटरी बनवू शकत होतं, आणि लोकांनी बनवल्या.

१८०१ साली पॅरिसमध्ये त्याने नेपोलियनसमोर प्रयोग करून दाखवले. सुवर्णपदक मिळालं, पेन्शन मिळाली, १८१० मध्ये काउंट हा किताबही मिळाला. ज्या सत्तेपुढे गॅल्व्हानी झुकला नाही, तिनेच व्होल्टाला डोक्यावर घेतलं. पुढे नेपोलियन हरला, ऑस्ट्रियाचं राज्य परत आलं, तरी व्होल्टाचा मान कायम राहिला. राजकारणापासून जमेल तेवढं लांब राहून प्रयोगशाळा सांभाळायची, हा त्याचा स्वभाव होता.

व्होल्टाला काय पटलं नाही?

व्होल्टाचं म्हणणं असं होतं की दोन वेगळे धातू एकमेकांना नुसते टेकले की वीज ढकलली जाते. मधला ओला पुठ्ठा फक्त वीज पुढे नेतो, त्याचं बाकी काही काम नाही. हे खरं असतं तर चळत कायम वीज देत राहिली असती.

तशी ती राहत नव्हती. काही वेळाने जोर कमी व्हायचा, पुठ्ठे सुकायचे आणि जस्ताच्या चकत्या खराब झालेल्या दिसायच्या. व्होल्टाने याला किरकोळ अडचण मानलं. खरं उत्तर मात्र तिथेच होतं. जस्त मिठाच्या पाण्याशी रासायनिक क्रिया करतं, त्यात त्याचे इलेक्ट्रॉन सुटतात आणि तारेतून दुसऱ्या धातूकडे धावतात. वीज या क्रियेतून येते. जस्त झिजणं हीच विजेची किंमत होती. वेगवेगळे धातू टेकल्याने थोडा दाब तयार होतो, हे व्होल्टाचं निरीक्षण खोटं नव्हतं, पण सलग करंटला लागणारी ऊर्जा त्यातून येत नाही.

यासाठी व्होल्टाला फार नावं ठेवायला नकोत. ऊर्जा शून्यातून तयार होत नाही, हा नियम नीट मांडला गेला तो १८४० च्या दशकात, त्याच्या मृत्यूनंतर.

१८१४ साली मिलानमध्ये एक भेट झाली. हम्फ्री डेव्ही युरोपच्या दौऱ्यावर होता आणि सोबत २२ वर्षांचा एक मदतनीस होता. काउंट झालेला, सत्तरीकडे झुकलेला व्होल्टा त्यांना भेटला. तो मदतनीस म्हणजे मायकेल फॅरडे. १८३० च्या दशकात याच फॅरडेने मोजमाप करून दाखवलं की बॅटरीतली वीज आणि तिच्यात खर्च होणारं रसायन यांचं प्रमाण ठरलेलं असतं. व्होल्टाच्या बॅटरीचं खरं स्पष्टीकरण पक्कं व्हायला ही पुढची पिढी यावी लागली.

तुमच्या फोनमध्ये काय चालतं?

बॅटरीत वीज भरून ठेवलेली नसते. बॅटरीत रसायनं असतात, आणि वापरताना त्यांच्या क्रियेतून वीज तयार होते. फोनच्या लिथियम-आयन बॅटरीत एका बाजूला ग्राफाइट, दुसऱ्या बाजूला लिथियम असलेलं धातूचं ऑक्साइड, आणि मध्ये व्होल्टाच्या पुठ्ठ्याच्या जागी द्रवात भिजलेला पातळ पडदा असतो. फोन वापरताना लिथियमचे आयन आतून एकीकडे जातात आणि इलेक्ट्रॉन बाहेरच्या सर्किटमधून. चार्ज करताना सगळं उलटं होतं. व्होल्टाची चळत अशी उलटी चालवता येत नव्हती; जस्त गेलं की गेलं.

पण ही उलटसुलट ये-जा शंभर टक्के साफ होत नाही. प्रत्येक वेळी थोडं लिथियम नको त्या क्रियांमध्ये अडकून बसतं. म्हणून बॅटरी हेल्थ हळूहळू उतरते. उष्णतेत या क्रिया वेगाने होतात, त्यामुळे फोन उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवणं किंवा उशीखाली चार्जिंगला लावणं वाईट. काही वेळा आत वायू तयार होऊन बॅटरी फुगते. फुगलेली बॅटरी दाबू नका, टोचू नका, चार्जही करू नका. सरळ सर्व्हिस सेंटरला न्या.

चळतीची युक्तीही अजून तीच आहे. रिमोटमध्ये दीड व्होल्टचे दोन सेल एकामागे एक बसवले की ३ व्होल्ट. घरच्या इन्व्हर्टरच्या १२ व्होल्टच्या बॅटरीत सुमारे २ व्होल्टचे सहा कप्पे असतात.

स्वतः बघायचं असेल तर लिंबू, तांब्याची तार आणि जस्ताचा मुलामा दिलेला खिळा घ्या. दोन्ही लिंबात खुपसा आणि मल्टिमीटर लावा. साधारण एक व्होल्टच्या आसपास आकडा दिसेल. लिंबात वीज आहे असं वाटतं, पण खर्च होतं ते खिळ्यावरचं जस्त. नंतर ते लिंबू सरबताला वापरू नका. आणि घरातल्या २३० व्होल्टच्या प्लगशी असला कुठलाच प्रयोग नको.

शेवट आणि नाव

व्होल्टाने ४९ व्या वर्षी तेरेसा पेरेग्रिनीशी लग्न केलं. तीन मुलगे झाले, त्यांतला एक ऐन तारुण्यात १८१४ साली गेला. १८१९ मध्ये विद्यापीठातून निवृत्त होऊन तो कोमोजवळच्या आपल्या गावच्या घरी राहिला. ५ मार्च १८२७ रोजी, ८२ व्या वर्षी त्याचं निधन झालं. त्याच दिवशी पॅरिसमध्ये लाप्लास हा थोर गणितज्ञ वारला. व्होल्टाने कधीकाळी त्याच्यासोबत प्रयोग केले होते.

१८९९ साली बॅटरीच्या शताब्दीनिमित्त कोमोमध्ये प्रदर्शन भरलं, तिथे आग लागली आणि व्होल्टाची बरीच मूळ उपकरणं जळून गेली. वाचलेल्या वस्तू आज तळ्याकाठच्या त्याच्या स्मारकात आहेत. त्याआधी १८८१ साली पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय वीज परिषदेत विजेच्या दाबाच्या एककाला व्होल्ट हे नाव ठरलं होतं.

गॅल्व्हानीचं नावही मागे पडलं नाही. आपल्याकडे नळाला जो जीआय पाइप वापरतात, त्यातला जी म्हणजे गॅल्व्हनाइज्ड, आणि तो शब्द गॅल्व्हानीवरून आलेला आहे. त्या पाइपवर मुलामा असतो जस्ताचा, म्हणजे व्होल्टाच्या चकत्यांच्याच धातूचा.

थोडक्यात

- व्होल्ट म्हणजे दाब, अँपिअर म्हणजे धार, वॅट म्हणजे दोन्हींचा गुणाकार.
- दोन बॅटरींची तुलना करताना एमएएचसोबत व्होल्टही बघा. खरी तुलना वॅट-तासांची.
- बॅटरीत वीज भरलेली नसते, तिथे रसायन असतं. ते झिजतं, म्हणून बॅटरीला आयुष्य असतं.
- उष्णता हा बॅटरीचा मोठा शत्रू आहे. फोन गरम झाला तर आधी थंड होऊ द्या, मग चार्ज करा.